नालबंद मीरासाहेब आणि आमचे बावीस पाय

भोसरीहून चाकणच्या रस्त्याला लागलं की गावाच्या शेवटच्या घराजवळ एक जुना कडुनिंब होता. त्याच्याखाली मीरासाहेब नालबंदांची जागा. पुढ्यात गोणपाट अंथरलेलं, त्यावर हातोडी, सांडशी, कानस आणि खिळ्यांचा डबा. चाकणच्या बाजाराला निघालेल्या बैलगाड्या तिथं थांबायच्या. बैलाच्या खुरांना मारलेल्या लोखंडी पत्र्या झिजल्या असल्या, तर मीरासाहेब नव्या मारून द्यायचे. खूर दुभंगलेलं, म्हणून एका बैलाला आठ पत्र्या. एखाद्या वेळी टांग्याचं घोडं आलं तर त्याला नाल.

पण हातोडी उचलायच्या आधी त्यांचं एक ठरलेलं काम असायचं. गाडीवानाला म्हणायचे, "सोड बैल, आन् जरा चालव." बैल वीस पावलं पुढं जायचा, वीस पावलं मागं यायचा. मीरासाहेब उकिडवे बसून, मान तिरकी करून त्याचे पाय बघत राहायचे. मग म्हणायचे, "मागला डावा राखून टाकतोय. बग, काटा असंल." गाडीवान म्हणायचा, नाही हो, चांगला चालतोय की. आणि काटा निघायचा.

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते चौपन्न साली. खटाव तालुक्यातून मी दापोडीच्या वर्कशॉपात नोकरीला लागलो होतो आणि भोसरीत खोली घेऊन राहत होतो. वय एकोणीस. खोलीत आणखी दोघं. एक अकबर, जुन्नरचा, मोटार दुरुस्तीच्या गॅरेजात कामाला. दुसरा भैरू, उस्मानाबादकडचा, माझ्याच खात्यात. तिघं सायकलींवर कामाला जायचो, संध्याकाळी परत आलो की दिघीच्या माळावर फुटबॉल खेळायला पळायचो.

भोसरी हे कुस्तीचं गाव. तिथं फुटबॉल म्हणजे पोरखेळ. पण आमच्या वर्कशॉपात सोपानराव नावाचे एक फिटर होते. ते पलटणीतून आलेले. पलटणीत त्यांनी चार वर्षं फुटबॉल खेळला होता आणि तो खेळ त्यांच्या अंगातून गेला नव्हता. त्यांनी आम्हा अकरा-बारा जणांना गोळा केलं, कुठून तरी एक चामड्याचा बॉल आणला आणि माळावर दगड मांडून गोल केले. बूट कुणाकडेच नव्हते. घोट्याला जुन्या धोतराच्या पट्ट्या गुंडाळायच्या आणि मुरमावर अनवाणी पळायचं.

आमच्यात सगळ्यांत चांगला खेळाडू भैरू. बारीक चणीचा, काळासावळा, आणि पळायला लागला की हरणासारखा. उजव्या बाजूनं तो बॉल घेऊन निघाला की समोरच्याला नुसतं वळून बघायची वेळ यायची. पण त्याची एक खोड होती. तो पडायचा. धक्का लागून पडला असता तर कुणाला काही वाटलं नसतं. आसपास कुणी नसताना, मोकळ्या माळावर, पळता पळता वळायला जायचा आणि धाडकन पडायचा.

पंचावन्न साली दसऱ्याच्या सुमारास आमचा लष्करातल्या पोरांशी सामना झाला. माळाच्या कडेनं पाचपन्नास माणसं जमली होती. शेवटची पाच मिनिटं राहिलेली, दोन्ही बाजूंनी एकेक गोल. भैरूनं तिघांना चकवलं. पुढं फक्त गोलकीपर. भैरू डावीकडं वळला आणि पडला. बॉल आपला घरंगळत बाहेर गेला. कडेला बसलेले भोसरीचे पैलवान पोट धरून हसले. त्यातला एक ओरडला, "अरं, त्येला काठी द्या रं!"

सामना सुटल्यावर सोपानरावांनी भैरूला सगळ्यांसमोर झापलं. "पायात जोर न्हाई तुझ्या. उद्यापासून रोज दोनशे बैठका. न्हाईतर घरी बस."

भैरूनं मान खाली घातली. त्या पोराची काय अवस्था होती, ते आम्हाला खोलीत ठाऊक होतं. त्याला वाटत होतं आपल्याला कुणाची तरी नजर लागली आहे. आईनं पाठवलेला काळा दोरा त्यानं पायात बांधला होता.

आम्ही पट्ट्या सोडत बसलो होतो, तेव्हा माळाच्या कडेनं मीरासाहेब आले. बरोबर त्यांची शेळी होती. संध्याकाळी काम संपलं की शेळीला चारायला ते दिघीच्या माळाकडं यायचे, हे आम्हाला माहीत होतं. आमच्याशी कधी बोलले नव्हते. त्या दिवशी सरळ सोपानरावांपुढं येऊन उभे राहिले. साठीच्या आसपासचं वय, अंगात मळकी बंडी, पांढरी दाढी, आणि हात असे की कोपरापासून खाली सगळं लोखंडाचंच घडवलंय असं वाटावं.

"सोपानराव, राग मानू नका. तुमची चार पोरं लंगडत्यात."

सोपानराव म्हणाले, "कोन लंगडतंय चाचा? समदी पळत्यात की."

"पळत्यात. पन लंगडत पळत्यात." मीरासाहेबांनी बोट दाखवलं. "ह्यो उजवा राखून टाकतो." हा भैरू. "ह्यो डावा." हा मी. "त्यो तिकडचा, कंबर चोरतो. आन् ह्यो उंच," अकबरकडं बघून ते हसले, "ह्यो लौकर वाढला. डोकं वर गेलं, पायाला आजून खबरच न्हाई."

सगळे हसले. सोपानरावांना मात्र ते आवडलं नाही. "चाचा, ही मानसं हायत. जनावरं न्हाईत."

"तेच तर वंगाळ हाय. जनावराचं दुखलं तर ते दुखतंय म्हनून दावतं. मानूस मिशीला पीळ देऊन चालतो."

मग ते भैरूकडं वळले. "तुजा घोटा कवा मुरगळला हुता?"

भैरू म्हणाला, "लै दिस झाले. दोन साल झाले. आता काय बी न्हाई, चाचा. सूज बी न्हाई, दुखत बी न्हाई."

"एकदाच मुरगळला?"

भैरूनं पायातला काळा दोरा चाचपला. मग हळूच म्हणाला, "चार-पाच येळा."

"हुबा ऱ्हा. उजव्या पायावर. दुसरा उचल. आता डोळं मीट." माझ्याकडं बघून ते म्हणाले, "तू आकडं मोज."

मी मोजायला लागलो. एक, दोन, तीन. चारला भैरू हेलपाटला आणि त्यानं अकबरचा खांदा धरला.

आम्हाला गंमत वाटली. मग काय, जो तो उभा राहायला लागला. मी डाव्या पायावर सहापर्यंत टिकलो. अकबर तर आडवा झाला. जे उजव्या पायावर वीस मोजेपर्यंत टिकायचे, ते डाव्यावर पाचाला कोसळायचे. अकरा धडधाकट पोरं माळावर एका पायावर डोळे मिटून उभी, आणि पडताहेत. जाणारे येणारे थांबून बघायला लागले. शेवटी सोपानराव म्हणाले, "सरका, ह्यात काय अवघड हाय?" आणि पलटणीतल्यासारखे ताठ उभे राहिले. सातव्या आकड्याला त्यांचा पाय थरथरायला लागला, नवव्याला ते खाली बसले.

कुणी हसलं नाही. म्हणजे हसू आलं होतं, पण हिंमत झाली नाही. मीरासाहेबच म्हणाले, "तुमचं आपलं वय झालं, सोपानराव." तेव्हा सोपानराव स्वतःच हसले आणि मग आम्ही सगळे.

मीरासाहेब शेळीची दोरी हातात गुंडाळत म्हणाले, "डोळं उघडं हाय तवर मानूस डोळ्यावर हुबा ऱ्हातो. डोळं मिटलं की कळतं, पायावर कोन हुबा हाय. खेळताना तुमचं डोळं बॉलकडं. मग पायाकडं कोन बगनार? पायानं सोताच सोताकडं बगाया पायजे. मुरगळलेला पाय बरा झाला तरी त्येचा भरवसा जातो. बैठका मारून जोर येतो, भरवसा येत न्हाई."

"मग भरवसा कशानं येतो?" सोपानरावांनी विचारलं. आता त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती.

"आईस्ता. लै आईस्ता."

दुसऱ्या दिवसापासून मीरासाहेब रोज येऊ लागले. त्यांच्याकडं औषध नव्हतं, मंत्र नव्हता. लंगडणाऱ्या जनावराला ते जे करायचे, तेच त्यांनी आम्हाला करायला लावलं. नांगरटीच्या ढेकळांतून सावकाश चालायचं. शेताच्या बांधावरून चालायचं, आधी डोळे उघडे ठेवून, मग एकमेकांचा हात धरून डोळे मिटून. गोल फिरायचं, आधी मोठं गोल, मग लहान, आधी उजवीकडून, मग डावीकडून. रविवारी मोशीला नदीच्या वाळूत. पळायचं नाही. बॉलला हात लावायचा नाही, पाय तर नाहीच. आम्ही फुटबॉल खेळणारे, आणि महिनाभर आम्ही बैलासारखे गोल गोल चालत होतो.

खोलीत तर आमची सर्कस होती. अकबर एका पायावर उभा राहून कणीक मळायचा. मी एका पायावर दात घासायचो. घरमालकीण विमलबाई पाण्याला जाताना दारातून डोकावल्या आणि आमच्यापैकी कुणाला वेड लागलंय असं समजून तशाच माघारी गेल्या. दुसऱ्या दिवशी विहिरीवरून येताना चौकशी करायला आल्या, तेव्हा अकबरनं त्यांनाही एका पायावर उभं केलं. त्या भरल्या घागरीसकट उभ्या राहिल्या, डोळे मिटून, पन्नास आकडे. आम्ही मोजायचं थांबलो तरी उभ्याच. "अजून किती येळ?" म्हणाल्या.

मीरासाहेबांना ते सांगितलं तर ते हसले नाहीत. गंभीरपणे म्हणाले, "त्या रोज चालत्यात ना इहिरीवर. डोक्यावर पानी घेऊन. त्येंचा पाय शिकल्याला हाय."

त्याच दिवसांत आम्ही त्यांच्या जागेवर जायला लागलो. बैलाला पत्री मारायची तर आधी त्याला आडवा पाडावा लागतो. पायांना कासरा गुंतवायचा आणि दोघा-तिघांनी एका दमात ओढायचं. मीरासाहेबांचे हात अजून पोलादी होते, पण गुडघे बोलायला लागले होते. रविवारी नदीवरून परत येताना आम्ही कासऱ्याला हात लावायचो. बैल आडवा झाला की मीरासाहेब त्याच्या मानेवरून हात फिरवत राहायचे, "हां बेटा, झालं बेटा," आणि दुसऱ्या हातानं खूर तासायचे. त्यांच्या हातोडीचा आवाज आणि ते पुटपुटणं दोन्ही एकाच लयीत चालायचं. कितीही मस्तीखोर बैल असो, दोन पत्र्या होईपर्यंत शांत व्हायचा.

एकदा मी त्यांना विचारलं, "चाचा, तुम्ही हे शिकला कुठं?"

"बापाकडनं नाल मारायला शिकलो. बगायला शिकलो बसऱ्याला."

पहिल्या महायुद्धात ते सरकारच्या खेचरांबरोबर इराकात बसऱ्याला गेले होते. तिथं एक गोरा घोडेडॉक्टर होता, तो प्रत्येक जनावराला वर्तुळात चालवून बघायचा. त्याच्याकडं बघून बघून मीरासाहेब शिकले. एवढंच त्यांनी सांगितलं आणि पुढची पत्री उचलली.

सगळं बरं चाललं होतं, फक्त भैरू कंटाळला होता. ज्याचा पाय सगळ्यांत वाईट, तोच सगळ्यांत कमी ऐकत होता. त्याला पळायचं होतं. आणि गावात आम्हाला नाव पडलं होतं, नालबंदाचे बैल. तालमीतली पोरं आम्हाला बघून जिभेनं टक् टक् आवाज काढायची. इतर जण हसण्यावारी न्यायचे. भैरूला ते लागायचं.

एके संध्याकाळी मीरासाहेब त्याला म्हणाले, "बेटा, तू वळताना आजून उजव्यावर भार देत न्हाईस. पुन्ना एकदा फीर."

भैरू जागचा हलला नाही. एकदम ओरडला, "कामून फिरू? मी बैल हाय का? तुमी नालबंद, तुमी बैलं बगा! मला काय बी झालं न्हाई!"

सोपानराव पुढं सरसावले, पण मीरासाहेबांनी हात वर करून त्यांना थांबवलं. "न्हाई बाबा," ते भैरूला म्हणाले, "तू बैल न्हाईस. माजं चुकलं." आणि शेळी घेऊन निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. त्यानंतर आठवडाभर आले नाहीत. भैरू परत पळायला लागला, कुणाशी न बोलता. खोलीत आम्ही तिघं जेवायला बसायचो आणि भाकरी मोडल्याचा आवाज तेवढा यायचा.

नवव्या दिवशी सकाळी आम्ही कामावर निघालो होतो. कासारवाडीजवळ समोरून ट्रक आला म्हणून आम्ही सायकली कडेला घेतल्या. भैरूनं उजवा पाय टेकवला. तिथं फार काही नव्हतं, मुठीएवढा एक दगड होता. पाय आत वळला. कट्‌ असा आवाज मीही ऐकला. भैरू सायकलीसकट खाली बसला आणि ओरडलाही नाही, नुसता पायाकडं बघत राहिला.

संध्याकाळपर्यंत घोटा भोपळ्यासारखा झाला होता. डॉक्टर म्हणाले, हाड मोडलेलं नाही, विश्रांती घ्या. भैरू नोकरीत अजून कायम झालेला नव्हता. यंत्रापुढं आठ तास उभं राहायचं काम. तो भिंतीकडं तोंड करून पडला होता. मध्येच मला म्हणाला, "मालोजी, माझं संपलं रं."

मी मीरासाहेबांना काही कळवलं नव्हतं. पण भोसरीत कुणाचा पाय मुरगळला हे लपून राहण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते आमच्या दारात उभे. हातात पितळी वाटी, त्यावर फडकं. खातूनबींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, आंबेहळद आणि रक्तबोळ उगाळून गरम लेप करून दिला होता.

भैरू उठून बसायला गेला. "पडून ऱ्हा," म्हणत मीरासाहेब जमिनीवर त्याच्या पायाशी बसले, आणि सुजलेला पाय उचलून त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतला.

भैरूनं पाय मागं ओढला. "चाचा, पाय नका धरू. तुमी मोठे."

"आरं, मी जलमभर पायच धरलेत. आन् लाथा बी खाल्ल्यात." त्यांनी पाय पुन्हा मांडीवर ओढून घेतला. "तुजी त्या मानानं काईच न्हाई."

भैरूच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मीरासाहेबांनी तिकडं बघितलं नाही. लेप लावता लावता ते बोलत राहिले, बैलाच्या मानेवर हात फिरवताना बोलायचे तशाच आवाजात.

"बसऱ्याला माज्याकडं एक खेचर हुती. गुलाब म्हनायचो आमी तिला. गरीब जनावर. तिचा पुडला पाय मुरगळला. पंदरा दिस मी तिला शेकली, लेप घातला. सूज गेली. चालायला लागली. मी डॉक्टरला सांगितलं, बरी हाय. मी तिला वर्तुळात चालवली न्हाई. घाई हुती, सामान पुडं न्यायचं हुतं. नदीवर नावांचा पूल केल्याला. त्येच्यावर तिचा त्योच पाय दुमडला. खेचर पान्यात गेली, आन् तिच्यासंगट आमच्या जुन्नरकडचा एक पोरगा गेला. दोर हाताला बांधल्याला हुता त्येच्या."

लेपाचा हात थांबला होता. खोलीत मी आणि अकबर भिंतीला टेकून उभे होतो.

"सूज न्हाई म्हंजी बरं झालं, असं मी एकदाच म्हनलो," मीरासाहेब म्हणाले. "पुन्ना न्हाई."

मग त्यांनी पट्टी बांधली, वाटी उचलली आणि जाताना दारातून म्हणाले, "परवा येतो. तवर तुजी चाची म्हनली हाय, दूद पी."

ते एक दिवसाआड येत राहिले. तीन आठवड्यांनी सूज उतरली. सोपानरावांनी साहेबाशी बोलून भैरूला काही दिवस बसून करायचं काम मिळवून दिलं. आणि सूज उतरल्यावर, सगळं ठीक दिसायला लागल्यावर, मीरासाहेबांनी खरं काम सुरू केलं. भैरूनं या वेळी तोंडातून शब्द काढला नाही. पहिले दहा दिवस त्यानं नुसतं भिंत धरून उजव्या पायावर उभं राहायचं होतं. मग भिंतीला एक बोट. मग भिंत सोडून. मग डोळे मिटून. संक्रांतीच्या दिवशी, मला पक्कं आठवतं कारण खातूनबींकडं आम्ही तिळगूळ घेऊन गेलो होतो, भैरू त्यांच्या अंगणात डोळे मिटून उभा राहिला आणि खातूनबींनी उर्दूत मोजायला सुरुवात केली. तीसच्या पुढं त्यांचा हिशेब चुकायला लागला. त्या परत एकवीसवर आल्या, आणि भैरू हसायला लागला, पण पाय खाली टेकवला नाही.

होळीनंतर तो खेळायला उतरला. सामना सांगवीच्या पोरांशी होता. त्यांचा एक मागचा खेळाडू चांगला आडदांड, त्याला भैरूचं सगळं ठाऊक होतं. पहिल्यांदाच भैरू बॉल घेऊन आला तेव्हा त्यानं खांद्यानं जोरात रेटलं. भैरू तिरका झाला. इतका तिरका, की त्याचा डावा हात जमिनीला लागतो की काय असं वाटलं. त्याचा उजवा पाय मुरमात घट्ट बसलेला दिसला, बोटं पसरलेली, आणि त्या पायावर तो सावकाश वर आला. बॉल अजून त्याच्यापाशीच होता. त्यानं तो मला दिला. मी मारला तो गोलवरून दोन पुरुष उंच गेला. तो सामना आम्ही हरलो, दोन-एक.

पण सामना सुटल्यावर आम्ही जिंकल्यासारखे नाचत होतो. मीरासाहेब शेळीजवळ उभे होते. भैरू धावत त्यांच्याकडं गेला आणि नुसता पुढ्यात उभा राहिला. शेवटी मीरासाहेबांनी खाली बसून त्याचा घोटा चाचपून बघितला. "गरम न्हाई," ते म्हणाले. "ब्येस."

त्यानंतर दोन-तीन वर्षं मीरासाहेबांकडं लांबलांबची पोरं येऊ लागली. खडकीची यायची, देहूरोडची यायची. कडुनिंबाखाली एका बाजूला बैल, दुसऱ्या बाजूला एका पायावर उभी चार पोरं, असं दृश्य चाकणच्या रस्त्यानं जाणाऱ्यांच्या नजरेला सवयीचं झालं. तालमीचा एक पैलवानही आला, तोच, काठी द्या म्हणणारा. आखाड्यात त्याचा गुडघा दगा द्यायचा. मीरासाहेबांनी त्याला बांधावर चालवला तेव्हा आम्ही मुद्दाम बघायला गेलो होतो. पण त्यांनी आम्हाला डोळ्यांनीच दटावलं, म्हणून कुणी टक् टक् आवाज काढला नाही.

भैरू पुढं खडकीच्या एका चांगल्या संघाकडून खेळला. नोकरीत कायम झाला. त्याच्या लग्नाला आम्ही सगळे एस.टी.नं त्याच्या गावी गेलो. मीरासाहेब आणि खातूनबीही आले होते. मांडवात भैरूच्या आईनं, दुर्गाबाईंनी, मीरासाहेबांना पाटावर बसवून टॉवेल-टोपी दिली. मीरासाहेब इतके अवघडले होते, की टोपी त्यांनी डोक्यावर न घालता शेवटपर्यंत मांडीवर धरून ठेवली.

एकोणसाठच्या हिवाळ्यात ते गेले. आजार असा फार नव्हता. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी सकाळी संपलं. आम्ही अकरा जण होतो कबरस्तानात, आणि सोपानराव. आळीपाळीनं खांदा दिला. गाडीवानही पुष्कळ आले होते. रस्त्याच्या कडेला सोडलेल्या गाड्यांची रांग लागली होती.

पुढच्या रविवारी मी, भैरू आणि अकबर खातूनबींना भेटायला गेलो. भैरू म्हणाला, "चाची, काय काम असंल तर सांगा."

त्यांनी डोळे पुसले आणि वर बोट दाखवलं. कौलं सरकली होती. पावसाळ्यात गळत होतं, करतो करतो म्हणत मीरासाहेबांचं राहून गेलं होतं. आम्ही तिघं छपरावर चढलो. दुपार होईपर्यंत अर्धं छप्पर झालं. खाली उतरलो तर चाचींनी ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी करून ठेवली होती. वाढता वाढता त्या एकदम म्हणाल्या,

"तुमचे चाचा मला काय विचारायचे, सांगू?"

"काय?"

"घरी आले की विचारायचे, 'ते पोरं गोल गोल म्हणून ओरडत्यात, ते काय असतं गं?' मी म्हनायची, मला काय ठावं, तुमी जाता रोज. तर म्हनायचे, 'मी कुठं तिकडं बगतो? मी पाय बगतो.'"

अकबरला ठसका लागला. भैरू हसायला लागला, मग मीही, आणि मग चाचीसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. चार वर्षं तो माणूस रोज माळावर येत होता आणि एक सामना त्यानं धड बघितला नव्हता. हसता हसता भैरू उठून अंगणात गेला आणि बराच वेळ पाठमोरा उभा राहिला. चाचींनी त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढून ठेवली.

उरलेलं छप्पर आम्ही दुसऱ्या रविवारी केलं.